चौदा नंबर, दोघंजण

काकूंच्या नवऱ्याने, म्हणजे घड्याळजींनी, आयुष्यात एकच पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, ती जहाजाच्या सफरीची. त्यातसुद्धा माणसाने समुद्राचे फोटो बघावेत, बंदरांची नावं वाचावीत, तर ते नाही. हे वाचत बसले जेवणाच्या हॉलचे नियम.

"हे बघ," ते काकूंना सांगायचे, "पंगती दोन. पहिली सहाला, दुसरी सव्वाआठला. एकदा जी मिळाली ती शेवटपर्यंत. टेबलाचा नंबर ठरलेला, खुर्ची ठरलेली, वेटरसुद्धा रोज तोच. टेबलं दोघांची, चौघांची आणि आठांची. दोघांची मोजकीच, खिडकीच्या रांगेला. आधी कळवलं नाही तर आठांच्या टेबलावर बसवतात."

आठांच्या टेबलाची त्यांना भारी धास्ती. अनोळखी सातजण! तुम्ही कुठले, मुलं किती, साखर आहे का रक्तात! माणूस दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळांत डोकं घालणारा, आणि घरी मूग गिळून जेवणारा. बोललं की घास अडकतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण कधी घास अडकलेला काकूंनी पाहिला नव्हता, कारण कधी बोललेच नाहीत. तर अशा माणसाने जहाज कंपनीला तीन पत्रं लिहिली आणि शेवटी उत्तर मिळवलं: टेबल चौदा, पहिली पंगत, दोघंजण. ते कार्ड त्यांनी काकूंना दोनदा दाखवलं. स्वारी एवढी खूश काकूंनी लग्नातसुद्धा बघितली नव्हती.

आणि निघायला सात आठवडे असताना घड्याळजी दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या गेले. समोरचं गिऱ्हाईक दहा मिनिटं उभं होतं. त्याला वाटलं, काहीतरी बारीक काम चाललंय.

काकू रडल्या नाहीत. माणसं आली, बसली, उसासे टाकून गेली. काकूंनी सगळ्यांना चहा केला, कोणाला बिनसाखरेचा तेही बरोबर लक्षात ठेवलं. नणंद म्हणाली, "वहिनी दगडाची आहे." शेजारीण म्हणाली, "खंबीर आहे हो." दोघींचंही चूक. पायाला मुंग्या येऊन पाय मेला की चिमटा काढला तरी कळत नाही ना, तसं झालं होतं काकूंचं, फक्त सगळ्या अंगभर.

मुलीने हट्ट धरला. "आई, तू जाच. बाबांनी एवढ्या हौसेनं ठरवलं होतं. हवापालट होईल." काकूंना जायचं नव्हतं आणि राहायचंही नव्हतं, म्हणून त्या हो म्हणाल्या. मुलीने कंपनीला फोन करून बाबांचं नाव कमी करून घेतलं. जहाजाच्या यादीतून ते झालंही. जेवणाच्या हॉलची यादी मात्र आधीच तयार होऊन गेली होती. तिच्याकडे बघायचं कोणाला सुचलं नाही. कामं अशीच होतात, इथून तिथून सगळीकडे.

पहिल्या संध्याकाळी काकू सहाला पाच कमी असताना हॉलच्या दाराशी उभ्या राहिल्या. दारावरच्या मुलीने कार्ड बघितलं. "चौदा नंबर, दोघंजण. या."

खिडकीजवळ छोटंसं टेबल. दोन्ही बाजूंना मांडलेलं: दोन प्लेटा, दोन ग्लास, दोन घडी घातलेले नॅपकिन. वेटर उंच होता, ताडमाड, वाकून बोलायचा. त्याने आधी काकूंची खुर्ची ओढली, मग समोरची ओढून ठेवली.

"साहेब मागून येतायत ना?"

आता इथे सरळ सांगायचं की नाही? सांगायला काय, दोन शब्द. पण काकूंच्या तोंडून अडतीस वर्षांची सवय बोलली. दुकानात गिऱ्हाईक आलं आणि घड्याळजींना कोणाशी बोलायचं नसलं की त्याच तर पुढे व्हायच्या.

"ह्यांना जरा बरं नाही," काकू म्हणाल्या. "खोलीत पडलेत."

"अरेरे," उंच वेटर म्हणाला. "मी पाठवतो खोलीवर काहीतरी हलकं."

आणि खरंच, काकू खोलीवर पोचल्या तर दाराशी ट्रे हजर. सूप, भात, भाजलेला पाव. काकूंनी हॉलमध्ये स्वतःच्या जेवणाचे जेमतेम चार घास घेतले होते, पण हे अन्न टाकायचं कसं? घड्याळजींना पानात टाकलेलं खपायचं नाही. काकू पलंगाच्या कडेला बसल्या आणि नवऱ्याचं जेवण सगळं संपवलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

चूक होती ती कळत होतं हो त्यांना. डोकं ठिकाणावर होतं. पण एक गोष्ट त्यांना त्या टेबलावर सापडली होती, जी घरी कुठेच नव्हती. घरी कपाट रिकामं केलेलं, चप्पल कोणाला तरी देऊन टाकलेली, फोटोला जागा झालेली. इथे मात्र समोर प्लेट मांडलेली होती. जोवर प्लेट मांडलेली आहे तोवर माणूस गेलेला नाही, नुसता उशीर करतोय. दहा दिवसांची सफर. दहा संध्याकाळी समोरची प्लेट तशीच राहावी, एवढंच काकूंना हवं होतं. दुसरं काही नको, समुद्र तर नकोच.

पण एक खोटं बोललं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतं. दुसऱ्या दिवशी उंच वेटरने वाकून विचारलं, "काय होतंय साहेबांना नक्की?"

"पोट बिघडलंय."

तिसऱ्या दिवशी विचारलं, "उलट्या वगैरे?"

"थोड्या," काकू म्हणाल्या.

वेटरचा चेहरा जरा उतरला. "आणि ट्रे तर चाटून पुसून साफ येतो, काकू. उलट्या होणारा माणूस एवढं जेवतो?"

"त्यांना टाकलेलं आवडत नाही," काकू म्हणाल्या. आयुष्यात एवढं खरं खोटं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

आता काकूंना काय ठाऊक, की जहाजावर वादळाला भीत नाहीत एवढं पोटाला भितात! एकाचं पोट बिघडलं की चार दिवसांत निम्मं जहाज आडवं. म्हणून नियमच आहे: दोन दिवसांवर कोणाच्या उलट्या गेल्या की वेटरने दवाखान्यात कळवायचं. उंच वेटर नाकासमोर चालणारा. त्याने कळवलं.

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. नर्स, तोंडाला मास्क, हातात मोजे, काखेत फाइल.

"पेशंट कुठे आहेत?"

काकू बाजूला झाल्या. खोली ती केवढी! पलंग, आरसा, एक गोल खिडकी. पलंगाची एक बाजू चुरगळलेली, दुसरी कडक इस्त्रीची. नर्सने बाथरूमचं दार ढकललं. तिथे एक टूथब्रश.

"बाहेर गेलेत," काकू म्हणाल्या.

"बाहेर? पोट बिघडलेला माणूस जहाजभर हिंडतोय?" नर्सचा आवाज चढला. "काकू, तुम्हाला कळतंय का काय होईल ते? कोणत्या डेकवर गेलेत? काय घातलंय अंगात?"

काय घातलंय म्हणे. काकूंना लगेच आठवलं काय घातलं होतं ते. निळा शर्ट, कोपराला उसवलेला. शेवटचा अंगावर घालायला त्यांनीच कपाटातून काढून दिला होता, दवाखान्यातल्या माणसाकडे.

नर्सने फाइल चाळली, फोन लावला, दोनदा हं हं केलं आणि मास्क हनुवटीखाली ओढला. एकदम म्हातारी दिसायला लागली ती. "या खोलीचा एकच माणूस चढलाय, काकू. तुम्ही. मग हॉलवाले दोघं दोघं काय म्हणतायत?"

काकूंनी चुरगळलेली चादर ओढून सारखी केली.

"शेवटच्या क्षणी यायचं रद्द केलं का त्यांनी?" नर्सनेच वाट काढून दिली.

काकूंनी मान हलवली. खोटं कसलं त्यात? रद्दच केलं होतं त्यांनी. कोणाला न विचारता, न सांगता.

"मग सांगायचं ना तसं! माझी तर पाचावर धारण बसली," नर्स म्हणाली, आणि हॉलला कळवते म्हणून निघून गेली.

दुपारी हॉलचे मॅनेजर स्वतः आले. गोरेगोमटे, बुटके, हातात टेबलांचा मोठा नकाशा. प्रत्येक टेबल म्हणजे एक गोल, आत नावं. ओरडले नाहीत. खरं तर ओरडले असते तर बरं झालं असतं, काकूंना काहीतरी वाटलं असतं.

"चूक आमचीही आहे," ते म्हणाले. "आमची यादी जुनी राहिली. पण आता प्रश्न असा आहे काकू, की दोघांची टेबलं बाराच आहेत आणि एक म्हातारं जोडपं पहिल्या दिवसापासून माझ्या मागे लागलंय. आजोबांना ऐकू कमी येतं, मोठ्या टेबलावर गोंधळतात ते."

काकू नकाशातल्या चौदा नंबरकडे बघत होत्या. गोलात त्यांचं नाव होतं, वर घड्याळजींचं.

"मी कोणाला उठवत नाही असं," मॅनेजर म्हणाले. "साहेब परवाच्या बंदरावर चढणार असतील तर सांगा. बरेच लोक येतात असे मागून. चढणार असतील तर मी टेबल ठेवतो, प्लेटसुद्धा मांडून ठेवतो. तुम्ही फक्त हो म्हणा. चढणार आहेत का?"

घ्या! एक हो म्हटलं की आजची संध्याकाळ मिळत होती, उद्याचीही. परवाचं परवा बघता आलं असतं, काहीतरी सुचलं असतं. खोटं बोलायला काकू आता चांगल्या सरावल्या होत्या. मॅनेजर पेन उघडून थांबले होते. घाई नव्हती त्यांना.

काकूंनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे परवाचं बंदर आलं. शिडी लावलेली, माणसं चढतायत, पिशव्या, टोप्या, आणि आपण वर कठड्याशी उभ्या राहून एकेकाचं तोंड बघतोय. बघितलं असतं त्यांनी. अगदी शिडी काढेपर्यंत बघितलं असतं.

"नाही," काकू म्हणाल्या. "ते नाही चढणार."

मॅनेजरांनी वरच्या नावावर रेघ मारली, मग खालच्या नावावर. "बावीस नंबर. आठजणांचं आहे. चांगली मंडळी आहेत," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी सहाला काकू बावीस नंबरवर बसल्या. शेजारी एक निवृत्त कंडक्टरबाई होत्या. आवाज असा, की बसच्या शेवटच्या सीटपर्यंत आरामात पोचावा. पलीकडे दातांचे डॉक्टर, त्यांची बायको, आणखी चौघं.

"या, या! आत सरका, जागा भरपूर आहे!" कंडक्टरबाई म्हणाल्या. "तीन दिवस त्या कोपऱ्यात एकट्या बसलात, आम्ही बघत होतो. मी म्हटलंसुद्धा ह्या डॉक्टरांना, बाई रुसलीय वाटतं नवऱ्यावर! मिस्टर नाही आले?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"पुरुषांचं असंच. माझे तर बागेपर्यंत यायला कुरकुर करायचे." आणि कंडक्टरबाईंनी पावाची टोपली पुढे सरकवली. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या तुम्ही. डॉक्टरांच्या बायकोने विचारलं, मुलं किती. काकूंनी सांगितलं, एक मुलगी. रक्तात साखर नाही. सूप आलं. त्यांनी चमचा उचलला, प्यायल्या. खारट होतं की अळणी, देवाला ठाऊक.

मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. चौदा नंबरवर ते म्हातारं जोडपं येऊन बसलं होतं. आजी इकडच्या बाजूला. आजोबा समोरच्या खुर्चीत. उंच वेटरने वाकून त्यांचा नॅपकिन उलगडून मांडीवर टाकला, सूप वाढलं. आजोबांनी चमचा हातात घेतला, आणि तीन दिवस कोणी हात न लावलेल्या त्या जागेवर बसून तो माणूस खुशाल भुरके मारून जेवायला लागला.

काकूंच्या हातातला चमचा खाली पडला.

"काय झालं हो?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"ते वारलेत," काकू म्हणाल्या. "माझे मिस्टर. दोन महिने होतील आता."

डॉक्टरांच्या बायकोने हात तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाले, फार वाईट झालं. सगळ्यांचं म्हणून झालं, जसं घरी झालं होतं, तसंच, त्याच शब्दांत. काकूंनी मान डोलावली, घरी डोलावली होती तशीच. आणि मग ती डोलता डोलता थरथरायला लागली, आवरेना.

"मला ते पाहिजेत," काकू म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या, शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं वळली. "मला माझा नवरा पाहिजे."

कंडक्टरबाईंनी खुर्ची करकरत ओढून काकूंच्या खुर्चीला लावली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचा तो दणदणीत आवाज या वेळी कोणालाच नीट ऐकू गेला नाही, फक्त काकूंना गेला.

"पाहिजेच ना, बाई," त्या म्हणाल्या. "पाहिजेच."