दोन एक्क्यांचे दहा गुण

फासे: तीन आणि पाच.

खेळातली सुचेताची चोरटी नायिका भुयारात शिरली. लंडनमधल्या हॅरोच्या फ्लॅटमध्ये रविवारची दुपार होती. ओसाकाहून आणलेलं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायच्या खेळाचं जपानी नियमपुस्तक हातात धरून तिचा नवरा रघुवीर भुयारातले राक्षस मराठीत रंगवत होता. पुण्याच्या जपानी क्लासमधली त्याची मैत्रीण निधीही खेळायला आली होती.

शुक्रवारी सुचेता ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाली होती. पुन्हा टेस्ट देणार नाही, असं तिने जाहीर करून टाकलं होतं.

फासे: एक आणि एक.

"भुयारातल्या दाराचं कुलूप काही उघडलं नाही," रघुवीर म्हणाला. "पण तुला दहा अनुभवगुण मिळाले."

"फसल्याचे गुण? माझी समजूत काढू नकोस हं, रघू."

"अगं, नियमच आहे तसा!"

सुचेताने पुस्तक हिसकावून निधीपुढे धरलं. "तू वाच. ह्याची बाजू घेतलीस तर चहा विसर."

निधीने ओळीवरून बोट फिरवलं. "खरंच आहे गं. दोन एक्के पडले की हमखास अपयश, आणि वर दहा गुण."

सुचेताने फासे उचलून मुठीत घेतले.

"तीन टेस्टचे तीस, आजचे दहा," ती म्हणाली. "रघू, लॅपटॉप आण. टेस्टची तारीख घेऊ या."