यंत्रात जागा उरली नाही

दिपेशच्या आईने पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली मोठी पुडी काढली आणि गावड्यांच्या टीपॉयवर, पोह्यांच्या बशांच्या मधोमध ठेवली.

"देवगडहून खास आणलेत," त्या म्हणाल्या. "सोडे आणि बोंबील. सोडे आमच्या घरचे. वाळू नावाला नाही त्यात."

वास पुडीच्या आधीच खोलीत शिरला होता. रतन गावडे यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. दाखवायला बसवलेली श्वेता नाकाला रुमाल लावावा की नको, या विचारात पडली.

"नलिनीताई," रतन गावडे अगदी सावकाश म्हणाले, "तुम्ही फोनवर म्हणाला होतात, मुलगा मासळीला शिवत नाही. म्हणून तर आम्ही या म्हटलं."

इतका वेळ जमिनीकडे बघत बसलेल्या दिपेशने मान वर केली. "कोण, मी?" एखाद्यावर चोरीचा आळ यावा तसं त्याने विचारलं.

हे स्थळ घेऊन आलेल्या नलिनी परब यांनी घाईघाईने पर्समधून आपलं यंत्र काढलं. हाताच्या पंज्यात मावेल एवढं, करड्या पडद्याचं. छोट्या पेनाने टकटक करत त्यांनी दिपेशची माहिती उघडली. त्यात इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं, 'एम नाही'. आता त्यांना आठवलं, तो एम मासळीचा नव्हता.

"मंगळ नाही त्याला," त्या पुटपुटल्या.

"मंगळाचं मी विचारलंच नव्हतं," गावडे म्हणाले.

परतीच्या रिक्षात दिपेशच्या आईने ती पुडी नलिनीबाईंच्या मांडीवर ठेवली. दिलेली वस्तू परत घरी नेणं त्यांना बरं वाटेना. ती शेवटी मुलुंडला आली, आणि नलिनीबाईंचे यजमान बाळा परब यांनी रात्रीच्या भातावर सोड्यांचं कालवण ओतून घेत सांगितलं, "अशी चूक म्हयन्यातसून एकदा तरी होवक व्हयी गो."

दोन हजार पाच सालची ही गोष्ट. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या हॉलमध्ये, नलिनीबाईंचं 'परब वधू-वर सूचक मंडळ' चालायचं. बाळांची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी ते सुरू केलं आणि कोकणातल्या निम्म्या घरांची लग्नं त्यांनी जमवली, असं त्या सांगायच्या. बाळा म्हणायचे, लग्नं निम्म्यांची नाहीत, पण भांडणं मात्र निम्म्यांची. आधी सगळं नलिनीबाईंच्या डोक्यात असे. मग त्यांचा भाचा नितेश, जो कंप्युटर दुरुस्त करायचा, त्याने कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला हा ऑर्गनायझर आणून दिला.

नलिनीबाईंनी त्यात जीव ओतला. यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून त्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. नुसतं नाव, उंची, शिक्षण लिहून त्यांचं समाधान होत नसे. 'मुलगा सोन्यासारखा, पण आई रोज कस लावते.' 'मुलगी हुशार, बापाला ते अजून कळलेलं नाही.' 'घर मोठं, संडास बाहेर.' असं एकेकाचं लिहिता लिहिता एक दिवस यंत्राने मेमरी भरल्याची पाटी दाखवली आणि नको ते काढा, मगच पुढचं घाला, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं.

नितेशने यंत्र हातात घेऊन पाहिलं. "आत्या, वाट लावलीस याची. डबडं आहे हे. दोन एमबी जागा. त्यात तू अख्खा सिंधुदुर्ग कोंबलास."

"मग आणखी जागा घाल ना."

"घालता येत नाही. आहे त्यातच करायचं. जुनं उडव, नाहीतर थोडक्यात लिही."

त्यांनी थोडक्यात लिहायला घेतलं आणि त्यातूनच तो 'एम' जन्माला आला. गावड्यांच्या घरून आल्यावर त्यांनी ठरवलं, की माणसं तोडून लिहायची नाहीत. लिहायचं तर पूर्ण, नाहीतर काढून टाकायचं. ज्यांची लग्नं झाली ती आधी काढली. मग यंत्रातला पत्त्यांचा खेळ काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळा यंत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात आले.

"माझो डाव खंय गेलो?"

"कसला डाव?"

"पत्त्यांचो. रोज दुपारी तू निजलंस काय मी खेळतंय. काल जिकत इल्लंय."

"काढला. जागा हवी होती."

बाळांनी यंत्र ओट्यावर ठेवलं. "लोकांच्या पोरींक जागा आसा. घोवाक नाय," असं म्हणून ते गॅलरीत जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत. रात्री नलिनीबाईंनी खरे पत्ते काढून त्यांच्यासोबत तीन डाव खेळले, तेव्हा कुठे ते बोलायला लागले.

एवढं करूनही जागा पुरेना. मग नलिनीबाईंनी, कोणी कोणाला पाहिलं आणि कोणी का नाकारलं, ही टिपणं उडवली. झालं गेलं विसरून जावं, उगाच जपून काय करायचं, असा त्यांचा हिशोब. त्यानंतर उरली ती नुसती माणसं. आणि यादीच्या वरच्या टोकाला सगळ्यांत जुनी दोन नावं होती. देवव्रत राणे, घाटकोपर, वय त्रेचाळीस, वजनकाटे दुरुस्त करतो. गंधाली सावंत, वय एकोणचाळीस, रक्तपेढीत तंत्रज्ञ.

नितेशने सुचवलं, "ही दोन उडव. वर्षानुवर्षं पडलीयेत."

"पडली नाहीत, बसलीत," नलिनीबाई म्हणाल्या. "लग्न झाल्याशिवाय मी कोणाला काढत नाही."

"मग लग्न लाव."

तो सहज बोलला होता. पण नलिनीबाई दोन नावांकडे बघत राहिल्या. एक मुलगा, एक मुलगी, दोघं कोकणातली, दोघं साधी, दोघांच्या पत्रिका जुळण्यासारख्या. इतक्या वर्षांत आपल्याला हे कसं सुचलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. एका दगडात दोन नावं निघत होती.

रविवारी दोघंही मुलुंडला आली. गंधाली आधी. निळी साडी, खांद्याला मोठी बॅग, चेहऱ्यावर बँकेच्या रांगेत असावा तसा शांतपणा. मग देवव्रत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात चिवड्याचं पाकीट. त्याने चपला काढल्या, मान वर केली आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

गंधाली त्याच्याकडे बघत होती. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "पोह्यांची बशी आज माझ्या हातात नाही."

देवव्रत खुर्चीच्या टोकावर बसला. नलिनीबाई दोघांकडे आळीपाळीने बघायला लागल्या.

"तुमची ओळख आहे?"

"तुम्हीच करून दिली होती," गंधाली म्हणाली. "इथेच. या खुर्च्या तेव्हा त्या बाजूला होत्या."

नलिनीबाईंनी डोक्याला हात लावला. कोणी कोणाला पाहिलं, ते सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं होतं. आत स्वयंपाकघरात बाळांना ठसका लागल्यासारखा आवाज आला, पण तो ठसका नव्हता.

"यांनी माझ्या हातातली बशी बघितली," गंधाली नलिनीबाईंना सांगायला लागली, "आणि म्हणाले, पोहे दीडशे ग्रॅम असतील. बाकी काही बोललेच नाहीत."

"एकशे साठ म्हटलं होतं," देवव्रत हळूच म्हणाला. मग मान खाली घालून त्याने सांगितलं, "मी घाबरलो होतो. घाबरलो की मला समोरच्या वस्तूंची वजनं दिसायला लागतात."

"आणि मी काय विचारलं होतं, आठवतं?"

"रक्तगट."

"मीही घाबरले होते," गंधाली म्हणाली.

दोघंही हसायला लागली. नलिनीबाईंच्या घरात मुलगा-मुलगी पहिल्या भेटीत कधी हसत नसत. ही दुसरी होती, म्हणून असेल. दोघं तासभर बोलत बसली. देवव्रतने तराजूंमध्ये लोक कशी लबाडी करतात ते सांगितलं. गंधालीने सांगितलं, रक्त द्यायला आलेले पैलवान सुई बघून कसे आडवे होतात. बाळा आतून चहा घेऊन आले आणि सरळ त्यांच्यातच बसले. नलिनीबाई मनातल्या मनात मुहूर्त काढत होत्या.

देवव्रत गेल्यावर गंधाली मागे थांबली.

"ताई, माणूस चांगला आहे. तेव्हाही असणार, मला कळलं नाही. पण माझ्यासाठी नाही."

"अगं, आत्ता तर हसत होतीस."

"हसत होते ना. पण ते बोलत होते तेव्हा मला आमची रुचिरा दिसत होती. आमच्याकडे रिसेप्शनला आहे, जोगेश्वरीहून येते. ती एकदा बोलायला लागली की थांबत नाही. यांना घाबरायला वेळच मिळणार नाही."

नलिनीबाईंना आधी राग आला. लग्न जुळवण्याचं काम त्यांचं, आणि त्यांच्या यादीतली मुलगी त्यांनाच स्थळ सुचवत होती. पण रविवार गेला, पुढचा आला, आणि रुचिरा आपल्या आईबरोबर मुलुंडला येऊन गेली. ती दारातून आत येतानाच बोलत होती. देवव्रतने त्या दिवशी एकाही वस्तूचं वजन सांगितलं नाही. लग्न जोगेश्वरीच्या हॉलमध्ये लागलं. गंधाली करवलीसारखी इकडून तिकडे धावत होती आणि अक्षता वाटत होती. जेवणाच्या पंगतीत एक म्हातारी तिला म्हणाली, "आता तुझा कधी गो?" गंधालीने तिच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली.

घरी आल्या आल्या नलिनीबाईंनी देवव्रत राणेंचं नाव यंत्रातून काढलं. बाळांना बोलावून दाखवलंसुद्धा.

पुढच्या महिन्यात गंधाली आली ती पेढे घेऊन. नलिनीबाईंनी पेढा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कोण गं? कुठला?"

"कांजूरमार्गला," गंधाली म्हणाली. "घर घेतलंय. एक खोली आणि स्वयंपाकघर. तिसरा मजला, खिडकीतून डोंगर दिसतो. गुरुवारी वास्तुशांत आहे, तुम्ही दोघांनी यायचं." मग तिने पर्स मांडीवर सरळ केली. "आणि एक काम. माझं नाव काढा यंत्रातून."

"अगं, आता आहे जागा. राहू दे."

"जागेसाठी नाही म्हणत, ताई. तुमचा फोन येतो, मी साडी नेसते, जाते, पोहे खाते, परत येते. माणसं वाईट नसतात. पण मला कंटाळा आलाय."

"असं बोलू नये."

"दुःख होतंय असं नाही म्हटलं मी. कंटाळा आलाय म्हटलं."

नलिनीबाईंनी यंत्र हातात घेतलं, गंधालीची माहिती उघडली आणि पेन पडद्यावर नुसतंच धरलं. लग्न न होता त्यांच्याकडून कोणी गेलं नव्हतं. आपण हरल्यासारखं त्यांना वाटत होतं, आणि समोर बसलेली बाई तर हरल्यासारखी दिसत नव्हती.

"सेल संपत आलेत बहुतेक," त्या म्हणाल्या. "उद्या काढते."

"मी काढू?"

गंधालीने यंत्र त्यांच्या हातून घेतलं. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते तिने वाचलं. 'स्वभाव निर्मळ. हात हलका. हिला घाई करू नये.' शेवटचं वाक्य तिने पुन्हा एकदा वाचलं. मग तिने पेन टेकवलं. यंत्राने खात्री आहे का, असं विचारलं. तिने हो म्हटलं.

गुरुवारी परब नवरा-बायको कांजूरमार्गला पोचले तेव्हा नव्या रंगाचा वास अजून भिंतींना होता. खोली माणसांनी भरली होती. रुचिरा सगळ्यांशी एकाच वेळी बोलत होती आणि देवव्रत तिच्या मागे समाधानाने उभा होता. मधोमध गुरुजींनी चौरंग मांडला, कलश ठेवला, समोर दोन पाट टाकले आणि विचारलं, "यजमान कुठायत? जोडप्याने बसायचंय."

गंधाली स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

"आम्ही बसतो," तिचा भाऊ म्हणाला. तो तयारच होता. त्याने शर्ट काढून उपरणं घेतलं, त्याची बायको पदर खोचून पुढे आली. गंधाली बाजूला सरकली, म्हणजे वहिनीला वाट मिळेल.

"गुरुजी," नलिनीबाई म्हणाल्या, "घर कोणाच्या नावावर आहे, ते विचारा की आधी."

"ते ठीक आहे हो, पण पद्धत..."

"एकटीने बसलं तर शास्त्रात अडचण आहे?"

गुरुजींनी कपाळावरचं गंध खाजवलं. "अडचण अशी नाही. सवय नाही एवढंच."

"मग बसू दे तिला."

भाऊ उपरणं धरून अर्धवट वाकलेला तसाच राहिला. बाळांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खिडकीकडे नेलं. "ये, डोंगर बघूया," ते म्हणाले.

लग्नांमध्ये जोडीने पाट मांडण्यात नलिनीबाईंचं आयुष्य गेलं होतं. त्या गुडघ्यावर हात ठेवून पुढे झाल्या, त्यांनी दुसरा पाट उचलला आणि भिंतीला उभा करून ठेवला. गंधाली येऊन बसली. सवयीने आधी एका बाजूला बसली, दुसरी बाजू सोडून. मग तिच्या लक्षात आलं. तिने आपला पाट मध्ये ओढून घेतला, मांडी नीट घातली, आणि गुरुजींच्या पळीखाली उजवा हात धरला.