कॅन्टीनची बाटली

नानासो फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले होते. मिलिटरी कॅन्टीनमधून त्यांना दर महिन्याला रमच्या बाटल्या मिळत. वाईजवळच्या त्यांच्या गावात फौजीच्या घरची बाटली म्हणजे मान. विजेचा डीपी जळला की वायरमनला बाटली, मोटर बिघडली की मिस्त्रीला बाटली. कुणी त्याला लाच म्हणत नसे. फौजीनं प्रेमानं दिली म्हणत आणि काम होऊन जाई.

पोराला, साईराजला, इंजिनिअरिंगसाठी सांगलीत विश्रामबागेत खोलीवर सोडायला गेले, तेव्हाही त्यांनी तेच केलं. पोराची आई उन्हाळ्यात गेली होती. तेव्हापासून पोर गप्प होतं. खोलीत पृथ्वीराज नावाचा शेवटच्या वर्षाचा मुलगा होता. तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा, बोलायला मोकळा. नानासोंनी त्याला बाजूला घेऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली हातात दिली.

"आमच्या पोराकडं ध्यान ठेवा. त्याला आई न्हाई."

पृथ्वीराज पाया पडला. "काका, तुमी बिनघोर जावा."

पुढं साईराज गावी आला की जाताना त्याच्या पिशवीत पृथ्वीराजसाठी एक बाटली जायची. पोर एकदा म्हणालं, "आण्णा, ऱ्हाऊ द्या की."

"असू दे रं. माणसं धरून ऱ्हावं."

दिवाळीनंतर पृथ्वीराजचा फोन आला. "काका, जरा येऊन जावा. साईराज आठवडाभर कॉलेजला गेला न्हाई. पेपर बी बुडवला."

नानासो साताऱ्याहून सांगलीची एसटी धरून गेले. भर दुपारी पोर भिंतीकडं तोंड करून झोपलं होतं. मेसचा डबा तसाच पडला होता. खोलीतला वास नानासोंना ओळखायला वेळ लागला नाही.

"कुणी दिली ह्याला?"

पृथ्वीराजनं मान खाली घातली. "राग मानू नका काका. तुमीच दिली की."

"ती तुला दिली हुती."

"आमाला वाटलं, खोलीतल्या समद्यांसाठी पाठवलीया. पयल्यांदा ह्यो नकोच म्हणत हुता. मीच म्हटलं, अरं गड्या, बापानंच पाठवलीया, आता कुणाला भ्यायचं? मग घ्यायला लागला. आधी ह्याच्याशी कोण बोलत न्हवतं. बाटली आली की सगळी पोरं ह्याच्याभोवती. कॅन्टीनच म्हणत्यात त्याला."

"आन तू ध्यान ठेवत हुतास."

"ठेवलं की! एकटाच प्यायला लागला तवा तुमाला फोन केला. आमी मित्रांत बसतो काका. एकटं कोण पितंय का?"

नानासोंना त्याच्याकडं बघवेना. ते पोराच्या उशाशी बसले. साईराज जागाच होता.

"ओरडू नका आण्णा. डोकं दुखतंय."

"ओरडत न्हाई. काय झालं ते सांग."

"गणित डोक्यात शिरत न्हाई. तासाला बसलं की छातीत धडधडतंय. समदी फाडफाड उत्तरं देत्यात आन मी खाली मान घालून बसतो. खोलीवर आलं की आईला फोन लावायला हात जातोय. मग झोप येत न्हाई."

"मला लावायचा फोन."

"तुमाला?" पोर उठून बसलं. "सात वाजल्यावर तुमचं बोलणं जड व्हतंय. कळतंय मला."

नानासोंना वाटत होतं, कुणाला माहीत नाही. बायको गेल्यापासून दिवस मावळला की ते दार लोटून घ्यायचे आणि पेला भरायचे. गावात कुणी बोललं नव्हतं. फौजीला कोण बोलणार?

"चल घरी," ते म्हणाले.

"घरी काय हाय? तितं बी तेच."

पृथ्वीराज उगाच बादली उचलून बाहेर निघाला होता. नानासोंनी त्याला थांबवलं. "वायरमनला दिली की लाईट येती. तुला काय दिलं म्हंजे तू ह्याला देणार न्हाईस?"

"काय नको काका," पृथ्वीराज म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "कॉलेजात एक मॅडम हायत, पोरांशी बोलायला. माझा एक दोस्त जात हुता. आज भेटत्यात."

साईराजनं आंघोळ केली. बापलेक चालत कॉलेजात गेले. मॅडमच्या खोलीच्या दाराशी पोर म्हणालं, "तुमी भायेर बसा." नानासो बाकावर बसून राहिले. पोरं मोठ्यानं हसत पुढून जात होती. त्यातलं कोण रात्री झोपत नसेल, हे तोंडावरून कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं साईराज बाहेर आला. डोळे पुसलेले होते.

"बुधवारी परत बोलावलंय. बुडलेल्या पेपरचं मॅडम सरांशी बोलणार हायत."

"जाशील न्हवं?"

"जातो. पन दारू सुटंल का न्हाई, ठावं न्हाई."

संध्याकाळी तो नानासोंना स्टँडवर सोडायला आला. साताऱ्याची गाडी लागली. नानासो खिडकीला बसले. पोर खाली उभं राहून खिडकीच्या गजाला धरून बोललं.

"आण्णा, शनिवारी यायचं हाय मला. पन घरात ती असंल तर न्हाई येणार."

"नसंल."

"नुसती माझ्या पिशवीतली न्हवं. तुमची बी."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसं पोर दोन पावलं बरोबर चाललं, उत्तरासाठी तोंडाकडं बघत.

"ये तू," नानासो म्हणाले.

गाडी स्टँडबाहेर पडली. सात वाजत आले होते आणि त्यांच्या जिभेला कोरड पडली होती. शनिवार अजून लांब होता.