खंडेनवमीचा फोटो

सर्व्हर कितपत सुरक्षित आहे हे तपासणं हा माझा धंदा. केडगावात दोन खोल्यांचं ऑफिस आहे, आणि माझी सही झाल्याशिवाय जिल्ह्यातले बरेच दवाखाने नवं मशीन चालू करत नाहीत. याचा मला तोरा होता, हे आधीच सांगून टाकते.

मागच्या वर्षी कर्जत तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यानं बोलावलं. त्यांच्याकडे एचआयव्हीच्या दोनशेवर पेशंटांची नावं होती. अशी नावं बाहेर फुटली की गावात माणसाची ताटवाटी वेगळी होते, ठरलेली लग्नं मोडतात. ती कुठल्या मशीनवर ठेवायची, एवढंच मला सांगायचं होतं.

एक मशीन जुनं. ऑपरेटर हनुमंतकाकांनी नगरहून सुटे भाग आणून जोडलेलं, लोखंडी कपाटात कुलूपबंद. दुसरं कोरं करकरीत, बड्या कंपनीचं. कुणी झाकण उघडलं तर त्याची नोंद होते, आतली चिप भलतं सॉफ्टवेअर चालू देत नाही, आणि बंद पडलं तरी लांबून चालू करता येतं. काका हळूच म्हणाले, "मॅडम, लांबून हात लावता येतो, तेच मला बरं वाटत न्हाई." मला हसू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. नव्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि जुनं बंद करायला लावलं.

अहवाल दिला तो दिवस खंडेनवमीचा. एक्स-रे मशीन, रुग्णवाहिका, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. सर्व्हरचीही पूजा मांडली. मी बौद्ध घरातली, पूजा करत नाही, पण चारचौघांत तोंडही वाकडं करत नाही. मशीनला हार अडकवायला जागाच नव्हती. तेव्हा मीच पुढची बारीक प्लास्टिकची पट्टी बाहेर ओढली आणि म्हटलं, याला अडकवा. सचिव गोरक्षनाथ यांनी फोटो काढला आणि दवाखान्याच्या फेसबुक पानावर टाकला.

या जुलैत त्यांचा फोन आला. पेशंटांची यादी लोकांच्या मोबाईलवर फिरत होती, आणि तीही कितीतरी महिन्यांपासून. गोरक्षनाथांनी चोर ठरवूनही टाकला होता: जुन्या मशीनची डिस्क काकांकडे होती, म्हणून काकांना घरी बसवलं होतं. मी फक्त तसं लिहून द्यायचं होतं.

सर्व्हरच्या खोलीत तो फोटो फ्रेम करून लावलेला होता. झेंडूचा हार, शेजारी हसणारी मी, आणि हाराखाली ती पट्टी. पट्टीवर बारीक अक्षरात लांबून शिरायचा पासवर्ड छापलेला होता, आणि फोटोत तो स्वच्छ वाचता येत होता. कंपनीकडून येतो तो, पहिल्याच दिवशी बदलायचा असतो. बदलला का, हे कुणालाही न विचारता मी माझ्या तपासणीच्या यादीत 'होय' लिहिलं होतं. दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभं राहून मी तो पासवर्ड माझ्या लॅपटॉपवर टाकला. मशीन उघडलं. नोंदींमध्ये पहिला अनोळखी शिरकाव दसऱ्यानंतर अकराव्या दिवसाचा होता. काकांच्या मशीनला अशी वाटच नव्हती.

मी तसंच लिहून दिलं. काकांचा दोष नाही, दोष माझा. गोरक्षनाथ म्हणाले, असं लिहिलंत तर पुन्हा कुणी बोलावणार नाही. ते मलाही कळत होतं. तरी सही केली.

पेशंटांनाही खरं कळायला हवं, असा मी हट्ट धरला. सगळ्यात आधी तक्रार केलेल्या राहीबाईंना डॉक्टरांनी विचारलं, मला भेटाल का. त्यांनी मला घरी बोलावलं. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी झालं ते सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी तारीख तेवढी दोनदा विचारली.

"म्हंजी हे तुमच्या मशीनीतनं गेलं," त्या म्हणाल्या. "साळूनं न्हाई सांगितलं."

साळूबाई त्यांची धाकटी बहीण, त्याच गावात दिलेली. आजाराचं राहीबाईंनी एकट्या तिलाच सांगितलं होतं. गावात बोभाटा झाला तेव्हा दुसऱ्या कुणाचं नाव डोक्यात यायचं कारणच नव्हतं. साळूबाई दोनदा आली, लेकराची शपथ घेतली. राहीबाईंनी तिला दारात उभं केलं नाही. तिच्या मुलीच्या लग्नालाही गेल्या नाहीत. हे सांगताना त्यांचे हात मेथीवरच थांबले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्या उठल्या आणि चपला घातल्या. "चला ताई. हे तिच्यापुढं सांगा. मी एकली गेले तर ती दार उघडायची न्हाई."

साळूबाईचं घर दिसलं तेव्हा राहीबाई थांबल्या. "तुमची चूक तुमी कागदावर लिवली. माझी मी कुठं लिवू?"

मी पुढं झाले आणि कडी वाजवली. त्या माझ्या मागं, तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या.