चार गाठींचा रुमाल

ओब्दुलियाने पांढऱ्या रुमालाच्या चारही कोपऱ्यांना गाठी मारल्या आणि तो मुलाच्या डोक्यावर बसवून पाहिला. फुटबॉल डोक्याने मारताना चामड्याच्या चेंडूवर आवळलेली वादी कपाळ सोलून काढायची, म्हणून हा रुमाल. प्रत्येक सामन्याआधी तो तीच बांधायची.

"आई, आज तरी ये," एव्हारिस्तो म्हणाला. "माझा शेवटचा सामना आहे. पुढे बघायचं म्हटलंस तरी काही उरणार नाही."

"मी देवळात असेन, बाळा."

"अहो आई, आज पाद्रीबाबासुद्धा मैदानावर आहेत," त्याची बायको निएव्हेस घेवड्याचं पातेलं उतरवत म्हणाली. "देवळात तुम्ही आणि मेणबत्त्या. ह्यांचा खेळ बघायला माद्रिदहून माणसं आली, आणि तुम्हाला चार गल्ल्या ओलांडवत नाहीत."

जांभळ्या झग्यावरची पिवळी दोरी ओब्दुलियाने घट्ट केली. बारा वर्षं तिच्या अंगावर हाच रंग होता. युद्धानंतर गावातल्या निम्म्या बायका दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत, बाकीच्या नवसाच्या झग्यात. कोणी कोणाला विचारत नसे. हा झगा वारलेल्या वडिलांसाठी, असं एव्हारिस्तो धरूनच चालला होता.

तो न जेवता निघाला.

सामना संपत आला तरी निएव्हेसशेजारची जागा रिकामीच होती. तेवढ्यात चेंडू एव्हारिस्तोकडे आला. बचावपटू अंगावर येताच त्याने डाव्या पायाने चेंडू मागे ओढला आणि गर्रकन वळला. खाणीतून थेट आलेली, काळ्या तोंडांची माणसं श्वास रोखून उभी राहिली. मग जाळं हललं.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो उतरला आणि चिखलाने माखलेल्या बुटांनिशी देवळात गेला. ओब्दुलिया एकटीच गुडघे टेकून बसली होती.

"संपलं, आई."

"दोन गोल झाले. दुसरा तुझा."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या गोलाला लोक आधी गप्प होतात, मग ओरडतात."

तो बाकावर टेकला. "एवढं कान लावून ऐकतेस, मग कधी आली का नाहीस?"

"बारा वर्षांपूर्वी तुझा पाय मोडला तेव्हा डॉक्टर कुबड्यांचं बोलत होते. मी म्हटलं, देवा, याला खेळू दे. तो खेळतोय तोवर मी बघणार नाही." ती बाकाला धरून उठली. "द्यायला दुसरं काय होतं माझ्याकडे?"

त्याची नजर झग्यावर गेली. "म्हणजे हा बाबांसाठी नाही?"

"त्यांच्यासाठी जपमाळ आहे. रोजची."

दोघं देवळाच्या अंगणात आले. उजेड अजून होता.

"ते डाव्या पायाचं काय करतोस रे? गल्लीत पोरं सारखी तेच करत असतात. मी मान खाली घालून जाते."

तिने त्याच्या डोक्यावरचा रुमाल काढून त्याचा गोळा केला. मग कमरेची पिवळी दोरी सोडली, गोळ्याभोवती घट्ट गुंडाळली आणि तो त्याच्या पायापाशी ठेवला. चार पावलं मागे सरून तिने खिशातला चष्मा काढला, झग्याच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"हं," ती म्हणाली. "सावकाश कर."