येळवशीला उकळलेला पांडव

माझी थोरली जाऊ पारूआक्का आणि मी वरीस झालं बोलत नव्हतो. कारण ऐकून हसाल, पण सांगते. तिच्या लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला ती मला सोडून लातूरला गेली. मला! साड्यातलं त्या बाईला कळतंय काय? तवाच मी ठरवलं, आधी ती बोलंल, मग मी. तिनंबी तेच ठरवलं असणार, हट्टात दोघी सारख्या.

पण खरं सांगू का, तिच्यावाचून मला करमत नव्हतं. आणि आज येळवस, म्हंजे येळा अमावस्या! आमच्या किल्लारीकडं या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं, वाटंनं जाणाऱ्यालाबी ओढून भज्जी-आंबील वाढतं. अन् बांधापलीकडची माझी जाऊ तेवढी माझ्या पंगतीला न्हाई. जीव नुसता तळमळत होता.

आमची नवी सून तनुजा नाशिकची. माझं तोंड बघून म्हणाली, "आत्या, मी एक परदेशातली गोष्ट वाचलीय. उपाशी वाटसरूला गावात कुणी काही देईना. त्यानं पाण्यात दगड उकळायला ठेवला. लोक नवल बघायला आले, कुणी कांदा टाकला, कुणी गाजर. मस्त सार झालं. आपणही ठेवू. मोठ्या आत्या बघायला येतीलच."

"येडी का काय तू?" मी म्हणाले. पण पारूआक्काच्या भोचकपणावर माझा पक्का भरवसा होता. "बरं, ठेव."

मी गाडीतून बाजरीच्या उंड्यांची पाटी उतरवून आले, तवर पातेलं खदखदत होतं. आणि आलीच की हो बया! वासरू शोधल्यासारखं करत, बांध ओलांडून, सरळ चुलीपाशी. पातेल्यात वाकून बघितलं अन् माझ्याशी बोलायचं न्हाई म्हणून आमच्या बैलाला म्हणते कशी, "सर्ज्या, तुझ्या मालकिणीला इचार, पाणी दुधावानी पांढरं का झालंय?"

"सर्ज्या, तिला सांग, तिला काय करायचंय!" मी म्हणाले.

सर्ज्या कडबा खात राहिला.

पारूआक्कानं वळून आमच्या कोपीत बघितलं. कडब्याच्या त्या खोपटात चुना लावलेले पाच दगड मांडून आम्ही पाच पांडव पुजतो. तिनं मोजले. मग मी मोजले. चारच.

"तनुजा!" मी वरडले. "दगड कुठून आणलास?"

"तिथूनच. शेतातले सगळे मातीनं भरलेले. हे तेवढे स्वच्छ होते."

हट्ट गेला खड्ड्यात. "आक्का, आता काय करू गं? सणाच्या दिवशी देव शिजवला!"

पारूआक्कानं सांडशी उचलली, पांडवाला बाहेर काढलं अन् पदर दुमडून त्यावर ठेवलं. "रडू नको, सिंधे. त्यानं बारा वर्सं वनवास काढलाय, एवढ्यानं काय होतंय त्याला? पण लई तापलाय. फुंक."

आम्ही दोघी उकिडव्या बसून, डोक्याला डोकं लावून फुंकायला लागलो. तनुजाबी आली फुंकायला. मला हसू यायलं अन् रडूबी.

मध्येच थांबून पारूआक्का म्हणाली, "आधी तू बोललीस."

"हाव, बोलले," मी म्हणाले. "फुंक आता. मग जेवायला बस."