चौथ्या खाटेचे चौदा दिवस

सकाळची फेरी आटोपली की ओर्पा सिस्टर दाखल रुग्णांची वही उघडून बसे. तिमोर बेटाच्या डोंगरातलं फातुनेनोचं हे रुग्णालय अवघ्या दहा खाटांचं, त्यामुळे वही भरायला वेळ लागत नसे. नाव, आला कधी, गेला कधी. तापाचे तीन दिवस, बाळंतिणीचे दोन, हाड मोडलेल्याचे सहा. त्या दिवशी मात्र तिचं पेन चौथ्या खाटेशी अडलं. सेल्फिना, वय चोवीस. पोट चिरून बाळंतपण. टाके सातव्या दिवशी काढले. आज चौदावा दिवस. पुढच्या रकान्यावर छापलं होतं, 'मुक्काम लांबण्याचं कारण'.

जिल्ह्याच्या कचेरीतून दोनदा विचारणा झाली होती. व्हरांड्यातल्या बाकावर एक दिवस भरलेली बाई कालपासून खाटेची वाट पाहत होती. कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण ते वहीत लिहायची कुणाची छाती होत नव्हती.

ते कारण अंगणात सुरूच्या झाडाखाली बसलं होतं. सेल्फिनाची सासू लोडिया रोज उजाडताच तिथं चटई टाकी, मांडीवर पानसुपारीची पिशवी ठेवी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "एक नाव सांग म्हणावं तिला. नाव सांगितलं की नेते घरी." शेजारी तिचा लेक मेल्की, म्हणजे सेल्फिनाचा नवरा, मान खाली घालून गवताच्या काड्या मोडत बसलेला असे.

या डोंगरात मूल अडलं की दोष आईचा, आणि पोट चिरून सुटका झाली तरी तो तिच्या माथी राही. मनातलं पाप बोलून टाकलं की देह मोकळा होतो, अशी जुन्यांची समजूत. भावाभावांत बिनसलं तर दोघांनी समोरासमोर बसून पान खावं आणि मनातलं बोलून टाकावं, इतकी ती साधी होती. पण बाईच्या खाटेपाशी आली की तिचा एकच अर्थ उरे, नवऱ्याखेरीज दुसरा कोण होता ते सांग. पुरुषाचा पाय मोडला तर त्याला कुणी असलं नाव विचारत नसे, हेही इथंच सांगितलेलं बरं.

ओर्पाकडे यावर एक हुकमी तोडगा होता. तिने वही मिटली आणि ती चौथ्या खाटेवर जाऊन बसली. सेल्फिना लेकीला पाजत होती.

"हे बघ पोरी, मेलेल्या माणसाचं नाव सांग आणि सूट. मेलेला काही भांडायला येत नाही. तो येसाया पोस्टमन गेल्या साली गेला बघ. त्याचं सांग."

"सिस्टर, मी त्याच्याशी कधी बोललेसुद्धा नाही."

"म्हणून तर बरं."

"आणि त्याची बायको?"

"तिचं काय?"

"ती जिवंत आहे ना? प्रार्थनेला माझ्या पुढच्याच बाकावर बसते." सेल्फिनाने बाळ खांद्यावर घेतलं. "मी माझ्या घरी जायचं, म्हणून तिनं तोंड कुठं लपवायचं? नाही जमायचं मला. असं नावच नाही तर आणू कुठनं? बाजारातनं?"

इतक्या वर्षांत कितीतरी बायका ओर्पाने याच तोडग्याने घरी धाडल्या होत्या. खाट रिकामी होई, वही भरे, सासर खूश. हा प्रश्न मात्र एकीनेही विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिने स्वतःलाही तो कधी विचारला नव्हता.

तिची नजर खिडकीतून फाटकाकडे गेली. तिथं नाओमी विकायला संत्र्यांचे ढीग लावत होती. एकोणीस वर्षांपूर्वी ओर्पाचं स्वतःचं मूल अडलं, तेव्हा आत्यासासूने तिच्या छातीवर हात ठेवून नाव मागितलं होतं. कळांनी जीव चाललेला. ओर्पाच्या तोंडून निघालं, "मार्कुस." घोड्यांचा व्यापारी, महिन्यापूर्वी पुरात वाहून गेलेला. मुलगा जन्मला, जगला. नवऱ्याने मोठ्या मनाने माफ केलं, आणि ती माफी तो आजतागायत जेवणात मिठासारखी वापरत होता. मार्कुसची बायको नाओमी. तिने त्या दिवसापासून ओर्पाला संत्री दिली, सुटे दिले, पण एक शब्द दिला नाही.

ओर्पा उठली. व्हरांडा उतरून ती थेट लोडियाच्या चटईवर जाऊन बसली आणि तिने हात पुढे केला.

"पान दे, लोडियाबाई. कबुली द्यायची आहे."

लोडियाचा चेहरा उजळला. "सांगितलं का तिनं?"

"तिची नाही. माझी."

ओर्पाने पान तोंडात घातलं नाही, मुठीतच धरलं. मग फाटकापर्यंत पोचेल अशा आवाजात ती बोलली. "माझ्या बाळंतपणात मी मार्कुसचं नाव घेतलं. ते खोटं होतं. त्याने मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. बाळ आडवं होतं म्हणून अडलं, बस्स. मी जगावं म्हणून मेलेल्याला बाटवला आणि त्याच्या बायकोला जिवंतपणी पुरली. वर इतर बायकांनाही तेच शिकवलं. आता माझ्या घरी जो काही तमाशा व्हायचा तो होऊ दे."

"तुझं वेगळं असेल," लोडिया चाचरली. "रीत ती रीत. मीही सांगितलं होतं नाव, मेल्कीच्या वेळी. मला कुणी सोडलं होतं का?"

"खरं होतं ते?"

लोडिया पिशवीत चुना शोधू लागली. चुन्याची डबी तिच्या हातातच होती. मेल्कीने पहिल्यांदा मान वर केली आणि आईकडे पाहिलं.

फाटकाशी नाओमी उभी राहिली होती. ती सावकाश चालत आली. "चाळीस पावलं आहेत इथनं फाटकापर्यंत," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं लागली तुला."

ओर्पा खाली मान घालून रडली. रडण्यासारखंच होतं ते. नाओमीने तिचं सांत्वन केलं नाही, पण ती गेलीही नाही. चटईच्या कडेला बसली.

तेवढ्यात व्हरांड्यात सेल्फिना आली. एका हातात बाळ, दुसऱ्यात गाठोडं.

"सिस्टर, माझा सुटीचा कागद माझ्या हातात द्या. मी चालले."

"कुठं चाललीस?" लोडिया ओरडली.

"घरी. त्या घराचं छप्पर मी शाकारलंय, सासूबाई. मका मी पेरलाय. तुम्हाला यायचं असेल तर या, नाहीतर बसा झाडाखाली. नाव विचाराल तर रोज एकच मिळेल, तुमच्या लेकाचं."

ती फाटकातून बाहेर पडली आणि चढाला लागली. जखम अजून कोवळी, म्हणून पावलं आखूड, पण थांबली नाही. मेल्की उठला. आईने त्याच्या विजारीला धरलं. त्याने हळूच तिची बोटं सोडवली आणि धावत जाऊन बायकोच्या हातातलं गाठोडं घेतलं. पुढे त्या घरात काय व्हायचं ते सोपं नव्हतं, हे चढावरच्या दोघांनाही माहीत होतं.

दुपारच्या आत बाकावरची बाई चौथ्या खाटेवर आली. तिची मावशी लगेच उशाशी वाकली. "पोरी, मनात काही असेल तर आधी..."

"मावशी, बाहेर व्हा," ओर्पा म्हणाली. "इथं नाव विचारत नाहीत, नाडी बघतात."

मग तिने वही उघडली. मुक्काम लांबण्याच्या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'रुग्ण सातव्या दिवशी ठणठणीत. पुढचे सात दिवस तिच्याकडून खोटं वदवून घेण्यात गेले. त्यात मीही होते.' खाली सही केली, नक्कल काढली आणि जिल्ह्याला धाडली.

संध्याकाळी घरी जाताना ती फाटकाशी थांबली. नाओमीने चार संत्री पिशवीत घातली आणि मान वर करून विचारलं, "नवऱ्याला सांगणार आहेस?"

"आत्ताच चाललेय," ओर्पा म्हणाली.